वहिनीची साखरझोप

आधीच सांगते, मला राग येतो. लवकर येतो आणि उशिरा जातो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीत बसते मी. दिवसभर लोक येतात, आपापल्या नळाची रड सांगतात, मी ऐकून घेते. आणि ऐकून ऐकून जे साठतं ते घरी येऊन ओतते. माझी वहिनी म्हणते, "वन्सं, तुमच्या नळाला चोवीस तास प्रेशर असतं हो." 'वन्सं' आता कुणी म्हणत नाही. ती मला फक्त चिडवायला म्हणते.

घरात आम्ही तिघंच. मी, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. दादा हार्डवेअरच्या दुकानात विक्रीला असतो. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. कुलपं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

वहिनी बेकरीत. मागच्या खोलीत, भट्टीपासून लांब, खिडकीखाली तिचं टेबल. टेबलावर फिरती थाळी, थाळीवर केक आणि हातात क्रीमची पिशवी. केकवर अक्षरं लिहिणं हे तिचं काम. जोडाक्षरात तिचा हात धरणारं त्या बाजारात कुणी नव्हतं. बाकीचे कारागीर 'हार्दिक'च्या 'र्दि'ला आले की श्वास धरायचे. ही गप्पा मारत लिहायची, आणि शेवटी रफार असा टाकायची की मालकसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहायचा.

सगळं सुरू झालं ते सकाळच्या झोपेपासून. वहिनीला उठवणं अवघड व्हायला लागलं. हाक मारली तर डोळे उघडायची, पण ओळख नाही. अंगाला घाम, उशी ओली. दादा हसायचा. "बघा बघा, काय ही साखरझोप!" म्हणायचा आणि तोंडावर पाणी शिंपडायचा. मग मी दोन चमचे साखर घातलेला चहा तिच्या तोंडाला लावायचे आणि थोड्या वेळात बाई माणसात यायची. "चहाबाज आहे नुसती," असं म्हणून आम्ही विषय सोडून द्यायचो.

मग तो केक झाला. एक मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि शाळेने केक सांगितला होता. लिहायचं होतं 'भावपूर्ण निरोप'. उशीर झाला म्हणून वहिनी चहासुद्धा न घेता गेली आणि तिने लिहिलं 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तेही सुरेख, एक काना हललेला नाही. खोका उघडला तो भर सभेत, आणि ज्यांना श्रद्धांजली वाहिली ते हातात सुरी घेऊन उभे! खोटं कशाला बोलू, ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, "मला ते लिहिल्याचं आठवतच नाही."

मालकही हसला नाही. तो तिच्यावर नजर ठेवायला लागला, आणि एकदा त्याला ती कोपऱ्यात उभी राहून दळलेल्या साखरेचे बकाणे भरताना दिसली. झालं. हावरट म्हणाला, चोरटी म्हणाला. वर घरी येऊन दादाला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी काही घेतात का हो? जीभ जड असते, डोळे तारवटलेले असतात." दादा घरात आला तो मान खाली घालून. अरे, उलट मुस्काटात द्यायची होतीस त्याच्या!

दारूचा वास तर येत नव्हता. म्हणून दादा तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे ही गर्दी. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "साखरेचा घोळ दिसतोय. रक्त तपासून घ्या."

आता आपल्याकडे 'साखर' म्हटलं की काय? अमक्याला साखर आहे, तमक्याला साखर निघाली. साखर म्हणजे मधुमेह, म्हणजे ती वाढलेलीच असणार. साखर कमीही पडू शकते हे आपल्या बोलण्यातच नाही. दादाने तेवढा एक शब्द उचलला आणि घरी आणला. तपासणीला जाताना रस्त्यात वहिनीला गरगरलं म्हणून ती बेकरीत शिरून मूठभर साखर खाऊन गेली होती. आकडा किंचित वर आला. दादा म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

आमच्या मोठ्या काकांना तर आनंदच झाला. त्यांना स्वतःला जुनी साखर. "या, आमच्या मंडळात स्वागत आहे," म्हणाले आणि सोफ्यावर मांडी घालून पथ्यं सांगत बसले. दादाने सगळं मनावर घेतलं. बेकरीत जाऊन सांगून आला की हिला साखरेजवळ बसवू नका. मालकाला तेच हवं होतं. त्याने तिच्या हातातली क्रीमची पिशवी काढून घेतली आणि तिला खोके दुमडायला बसवलं. संध्याकाळी दादा दुकानातून एक कुलूप घेऊन आला. चांगलं दणकट, पितळी. साखर, गूळ, बिस्किटं, जॅम, सगळं स्वयंपाकघरातल्या कपाटात कोंबून त्याने ते कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

"दादा," मी म्हटलं, "साखर तिला झालीय ना? मग कुलूप तुझ्या अकलेला का?"

"तू मधे पडू नकोस. मी तिच्या भल्यासाठीच करतोय."

मी सकाळी लवकर निघते. एक दिवस चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. बघते तर वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. केस कपाळाला चिकटलेले, पोलकं घामाने ओलं, आणि हातातल्या चमच्याच्या दांड्याने ती ते कुलूप खरवडत होती. जीभ अडखळत होती. "थोडीशी द्या ना. चिमूटभर. अहो, चिमूटभर." आणि माझा भाऊ समोर उभा राहून, लहान मुलाला समजवावं तशा आवाजात सांगत होता, "असं काय करतेस? तुझ्या भल्यासाठीच सांगतोय ना मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली मागण्यातही मी वेळ घालवला नाही. शेजारच्यांच्या घरात घुसले, त्यांचा साखरेचा डबाच उचलून आणला आणि वहिनीचं तोंड उघडून चमच्याने साखर भरवली, वर पाणी पाजलं. थोड्या वेळात तिने पदराने तोंड पुसलं, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "वन्सं, आज कचेरीला दांडी?"

"पाहिलंस?" मी दादाला म्हटलं. "साखर खाऊन मधुमेहाचा माणूस बरा होतो कधी?"

दादा काय म्हणाला माहीत आहे? "दारुड्यालाही दारू मिळाली की बरं वाटतं."

आता याला काय म्हणायचं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या दिवसापासून मी पर्समध्ये साखरेची पुडी ठेवायला लागले, अर्धी वहिनीच्या उशीखाली. पण माझ्या पुडीपेक्षा काकांचा हात लांब निघाला. ते एका दुपारी आले आणि "नुसत्या पथ्याने काय होतंय, ही माझी गोळी चांगली आहे, अर्धी घे" म्हणून स्वतःची मधुमेहाची गोळी मोडून तिच्या हातावर ठेवली. दादाने पाण्याचा पेलाही दिला. आपल्याकडे औषध प्रसादासारखं वाटतात, तुम्हाला माहीतच आहे.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा वहिनीचे डोळे पांढरे झाले होते आणि दातखीळ बसली होती. पुडी हातात असून उपयोग नव्हता, तोंड उघडेल तर ना! ॲम्ब्युलन्समध्ये दादा नुसता "अगं, अगं" करत होता. मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर त्यालाही आडवं करून न्यावं लागलं असतं.

हॉस्पिटलमध्ये सुईच्या टोकाएवढ्या रक्ताने सगळा निकाल लागला. साखर इतकी कमी की सिस्टर धावतच गेली. शिरेतून ग्लुकोज चढवलं तेव्हा वहिनी परत आली. एक तरुण डॉक्टर म्हणाला, "नसलेल्या मधुमेहाची गोळी घेतली, म्हणून झालं. उद्या घरी जा." खबर कळून आलेले काका तेवढ्यात म्हणाले, "म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून चहा प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. चपला सपाट, केस पिकलेले, आवाज दमलेला. त्यांनी दादाला नाही विचारलं, मला नाही विचारलं. खुर्ची ओढून वहिनीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "गोळीच्या आधीही असं व्हायचं का? तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय होतं?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता. वहिनी उठून बसली. मग म्हणाली, "उपाशी राहिले की मी जाते. साखर खाल्ली की परत येते."

"बास," बाई म्हणाल्या. "तुमची साखर वाढत नाही, पडते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, तिथून इन्शुलिन येतं, इन्शुलिन रक्तातली साखर उतरवतं. तिथे एखादी गाठ झाली आणि ती वेळी-अवेळी इन्शुलिन सोडत राहिली तर माणूस असा वागतो. क्वचित होतं, त्यामुळे कुणाच्या डोक्यात येत नाही. पण नुसतं म्हणून चालत नाही, पकडावं लागतं. गोळीचा अंमल पुरता उतरला की वहिनीला त्यांच्या नजरेखाली उपाशी ठेवायचं, पाण्याशिवाय काही नाही. साखर पडली की त्या क्षणी रक्त घ्यायचं आणि मगच ग्लुकोज द्यायचं. "मधे कुणी काही भरवलं तर सगळं मुसळ केरात," बाईंनी दादाला बजावलं. दादाने मान डोलावली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. आपण काय करत होतो हे त्याला आत्ता कुठे कळलं होतं.

आणि या शहाण्याने काय करावं? उपास सुरू झाला, रात्र सरली, सकाळी वहिनीला घाम फुटायला लागला, बोलणं घसरायला लागलं. मी सिस्टरला बोलवायला गेले. येऊन बघते तर वहिनीच्या ओठांवर साखरेचे कण. सिस्टरने रक्त बघितलं, साखर चढायला लागलेली. तपासणी फुकट.

"यांनी दिली," वहिनी म्हणाली. ती शुद्धीवर येत होती आणि कसंनुसं हसत होती. दादाच्या मुठीत घरून आणलेली पुडी चुरगळलेली होती.

मग मी सुटले. वॉर्ड आहे, पेशंट झोपलेत, कसलीही पर्वा केली नाही. "अरे, जेव्हा ती चिमूटभरासाठी जमिनीवर बसून भीक मागत होती तेव्हा पितळी कुलूप! आणि आज एक दिवस देऊ नको म्हटलं तर तुझा हात मोकळा सुटला? तुला डोकं दिलंय की हार्डवेअर?"

"मला बघवेना गं," दादा रडायला लागला.

"तेव्हा बरं बघवत होतं?"

सिस्टरने आम्हा दोघांनाही बाहेर काढलं, मला ओरडल्याबद्दल आणि त्याला साखरेबद्दल. सगळं पहिल्यापासून सुरू झालं. या खेपेला दादाला वॉर्डाच्या दारातून आत येऊ दिलं नाही. मी वहिनीचा हात धरून बसले. ती जायला लागली तेव्हा हवेत बोटाने लिहीत होती आणि पुटपुटत होती, "भावपूर्ण... भावपूर्ण..." मला तो केक आठवला, आणि त्यावर मी हसले होते तेही. सिस्टरने रक्त घेतलं, लगेच ग्लुकोज सोडलं, आणि वहिनी परत आली.

गाठ सापडली. स्वादुपिंडाच्या शेपटाला. आणि लिव्हरवर दोन ठिपके. डॉक्टरीणबाईंनी गोलमाल बोलणं टाळलं. "हा कॅन्सर आहे. पण स्वादुपिंडाचा जो कॅन्सर तुम्ही ऐकलेला असतो तो हा नाही. हा वेगळ्या पेशींचा, फार थोड्या लोकांना होणारा. तो घाईत नसतो. शेपूट आणि सोबत प्लीहा काढायची, निघतील तेवढे ठिपके काढायचे, उरलेल्यांसाठी दर महिन्याला इंजेक्शन. पूर्ण बरं होईल असं वचन मी देत नाही. पण वर्षं मिळतील, आणि ती कामाची असतील." ऑपरेशनची तारीख दिली आणि तोवर थोड्या थोड्या वेळाने खात राहायला सांगून घरी सोडलं.

घरी काका हजर होतेच. स्वादुपिंड आणि कॅन्सर हे दोन शब्द ऐकून ते मोबाईलवर वाचून आले होते. 'वेगळा' हा तिसरा शब्द ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. बाहेरच्या खोलीत आवाज खाली आणून म्हणाले, "यात कुणी वाचत नाही रे. आणि चाकू लागला की पसरतं. कशाला चिरफाड? आहेत ते दिवस सुखात जाऊ देत."

दादा जमिनीकडे बघत होता. आणि मग म्हणाला, हो, माझाच भाऊ म्हणाला, "मलाही वाटतं, तिच्या भल्यासाठी..."

"खबरदार!" मी उभीच राहिले. "हे ऑपरेशन कुणी अडवलं तर गाठ माझ्याशी आहे. दोघांनाही सांगून ठेवते."

"वन्सं, बसा खाली." वहिनी दारात उभी होती. हातात बिस्किटाचा पुडा, त्यातलं एक चघळत. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "गाठ तुमच्याशी कशाला? गाठ माझ्या पोटात आहे. काका, तुमचा आवाज लहान होत नाही, आतपर्यंत ऐकू आलं. ती श्रद्धांजली मला चांगली लिहिता येते हो. पण केक अजून भाजायचा आहे. आणि कुणासाठी भाजायचा ते आत्ताच सांगता येत नाही."

काकांनी चपला शोधायला सुरुवात केली.

"आणि तुम्ही," ती दादाला म्हणाली, "मला विचारा. ज्याचं पोट त्याला विचारा. मी ऑपरेशन करून घेणार आहे."

दादाने विचारलं नाही, पण अडवलंही नाही. ऑपरेशनच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून राहिला आणि मी त्याच्यापासून चार पायऱ्या वर. एकदा त्याने पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतली. ती काही माफी नव्हती, मला तहान लागली होती. दिवस मावळताना डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. शेपूट निघालं, एक ठिपका निघाला, दुसरा खोल होता, तो राहिला. त्याच्याशी आता जन्मभराचा व्यवहार. पण दुसऱ्या सकाळी आयसीयूत मी कानाशी नुसतं "वहिनी" म्हटलं आणि तिने डोळे उघडले. घाम नाही, बरळणं नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "किती वाजले?" मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. रागावलेलं माणूस रडताना फार वाईट दिसतं.

बेकरीचा मालक भेटायला आला, फळं घेऊन. "तुमची जागा तशीच ठेवलीय," म्हणाला. वहिनी म्हणाली, "खोके दुमडायची का?" तो केळ्याच्या फणीकडे बघत राहिला. ती परत गेली ती टेबलाशी गेली, खिडकीखालच्याच.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. घरी आल्यावरची पहिली सकाळ. वहिनी कुणी न उठवता उठली, भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आली. कपाटाचं कुलूप दादाने कधीच काढून टाकलं होतं, ते उघडं पडलं होतं खिडकीत. तिने ते उचललं आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या."

"अगं, आता कशाला? काढलंय ना मी."

"किल्ली द्या."

दादाने खिशातून काढून दिली. इतके दिवस ती त्याच्या खिशातच होती. वहिनीने कपाटातून साखरेचा डबा काढला, माझ्या चहात दोन चमचे घातले, डबा परत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दादाच्या समोर काळाभोर चहा ठेवला.

त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "साखर नाही घातलीस."

"नाही."

"थोडीशी दे ना."

वहिनी त्याच्यासमोर बसली. टाके ओढत होते, तरी ताठ बसली. आणि लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "असं काय करता? तुमच्या भल्यासाठीच सांगते ना मी."

दादाने वर बघितलं. मग खाली बघितलं. कप दोन्ही हातांनी धरला आणि तो कडू चहा एकेक घोट करत पिऊ लागला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली, कप रिकामा होईपर्यंत. मी माझा चहा ढवळत बसले होते, चमचा मुद्दाम कपावर वाजवत.